चेसिसला तीन खिडक्या

जुन्या जीपच्या खाली वाकून बघायचं नसतं, हे जीप विकणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. घेणाऱ्याला ते सवडीनं कळतं. सोमेश्वरला ते गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता कळलं, आणि तेही पेनाच्या टोपणामुळं. ऑफिसातून आल्यावर खिशातलं टोपण घरंगळत जीपखाली गेलं. ते काढायला तो उताणा होऊन आत सरकला, मोबाईलचा उजेड पाडला आणि टोपणाबरोबर त्याला चेसिसला गेलेली एक बारीक चीरही सापडली. (टोपण नसतं सापडलं तरी चाललं असतं. ते पेन महिनाभर चालतच नव्हतं.)

चेसिस म्हणजे जीपचा कणा. दोन लांब लोखंडी दांड्या असतात, इंजिनापासून मागच्या सीटपर्यंत सगळी जीप त्यांच्यावर बसलेली असते. त्यातल्या डाव्या दांडीला, पुढच्या चाकाच्या जरा मागं, वीतभर चीर होती. सोमेश्वर तसाच पडून तिच्याकडं बघत राहिला. आतून आईनं, म्हणजे सोनूबाईंनी, हाक मारली की चहा निवून राह्यला, तरी तो उठला नाही.

चीर दुसऱ्या कुणाच्या जीपला गेली असती तर त्यानं हळहळ व्यक्त करून चहा घेतला असता. पण या जीपवर त्याचा संसार टांगलेला होता. बायको दैवशाला शाळेत शिक्षिका. तिची बदली भोकरदनच्या अलीकडं एका वस्तीवरच्या शाळेत झाली होती. बस फाट्यावर सोडायची. तिथून साडेचार किलोमीटर काळी माती, आणि मध्ये एक नाला. त्या नाल्यावर पूल मंजूर होता, पूल मात्र नव्हता. मंगळवारी हजर व्हायचं होतं. आता एक तर रोज जीपनं जाणं-येणं करायचं, नाही तर भोकरदनला खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. खोली तिनं बघूनही ठेवली होती. घरमालकीण पुष्पाबाई चांगल्या होत्या, पाण्याची सोय चांगली होती, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत हो का नाही ते कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

सोमेश्वरला त्या खोलीची चांगली सोय ऐकवत नव्हती. मुलगी शिकायला संभाजीनगरला गेल्यापासून घर आधीच अर्धं झालं होतं. त्यात ही पण गेली तर उरणार कोण? तो आणि सोनूबाई. आणि सोनूबाई त्याच्याशी फक्त त्याच्या चुकांबद्दल बोलत. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी दैवशाला घरात नसली की आपल्याला भूक लागलीय की झोप आलीय, हेच त्याला उमजत नसे. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळं तिला वाटायचं की नवऱ्याला जीपचं वेड आहे. (वेड होतंच. दोन्ही खरं होतं.)

जीपला पंधरा वर्षं पूर्ण झालेली, म्हणून आरटीओत पुन्हा पासिंग करून घ्यावं लागणार होतं. सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली होती. जीप पास झाली तर बायको घरी, नापास झाली तर बायको भोकरदनला. हिशेब इतका सरळ होता आणि मध्येच ही चीर निघाली.

शुक्रवारी सकाळी त्यानं अजमतभाईंना बोलावलं. अजमतभाई म्हणजे जालन्याच्या अख्ख्या मस्तगड भागात वेल्डिंगचं शेवटचं नाव. गेट, ग्रिल, जिने, ट्रॉल्या, काय वाटेल ते. त्यांनी लावलेल्या ग्रिलला हात लावून बघायला लोक थांबायचे, इतका साफ हात. ते जीपखाली शिरले, चिरेवरून बोट फिरवलं, मग बाहेर येऊन म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे चीर पुढं सरकत नाही, मग ती भरून घ्यायची, वर हाताएवढी पट्टी मारायची. तासाभराचं काम.

इथं सोमेश्वरनं "बरं" म्हणायला हवं होतं. "बरं" म्हणाला असता तर ही गोष्टच झाली नसती आणि रविवारी दुपारी तो झोपला असता. पण तो म्हणाला, "एवढंच?"

त्याचं असं झालं होतं की गुरुवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यानं मोबाईलवर सात व्हिडिओ बघितले होते. परदेशातली माणसं. मोठाल्या दाढ्या. आणि त्यांच्या जीपा दगडांवरून घोरपडीसारख्या चढत होत्या. ती माणसं चेसिसला ठिगळ लावत नव्हती. दोन्ही दांड्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लोखंडी पट्ट्या वेल्ड करून टाकत होती. सोमेश्वर बियाणं कंपनीच्या नवीन जालन्यातल्या ऑफिसात डिस्पॅचचा क्लार्क. वीस वर्षं त्यानं कपाशीच्या बियाण्याची खोकी मोजून ट्रकांत चढवली होती. आयुष्यात एकदा तरी ठिगळाच्या पुढं जावं, असं त्याला वाटलं तर त्यात त्याची काय चूक?

अजमतभाईंनी बराच वेळ कान खाजवला. शेवटी त्यांचंही मत बदललं असतं की नाही, सांगता येत नाही, पण तेवढ्यात शेजारचे रामकिसनमामा आले.

जालन्यात बियाणं आणि लोखंड या दोन गोष्टींवर प्रत्येकाला मत असतं. "जालना सोने का पालना" म्हणायची जुनी माणसं. आता पाळण्यात सळया असतात, एवढाच फरक. रामकिसनमामा चौतीस वर्षं सळईच्या कारखान्यात होते. ते रिटायर झाले, मत रिटायर झालं नाही. त्यांनी जीपखाली न बघताच सांगितलं की ठिगळ मारणं हे लोखंडाला शोभत नाही. "पट्टी मारायची तर पुरी मार. दोन्ही अंगाला. चार एमएमची प्लेट मी कापून आणून देतो. म्या भंगाराच्या हजार गाड्या भट्टीत जाताना बघितल्यात, सोमेश्वर. कुठं मोडत्यात ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठावं?"

गाड्या भट्टीत जाताना बघणं आणि रस्त्यावर चालताना बघणं यात फरक असतो. तो त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही.

त्या संध्याकाळी सोमेश्वरनं ऑफिसातून बियाण्याची रिकामी खोकी आणली आणि जीपखाली झोपून पुठ्ठ्याचे नमुने कापले. जिथं बोल्ट तिथं भोक, जिथं वळण तिथं वळण. दैवशालानं दारातून दोन-तीनदा बघितलं. "एका तासाचं काम व्हतं म्हणे," एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या एवढ्याशा वाक्यात सगळं आलं होतं. पण सोमेश्वर तेव्हा पुठ्ठ्यात रमला होता.

शनिवारी प्लेटा कापून आल्या. चोख काम. रामकिसनमामा आणि टेम्पोवाला त्या उतरवून अंगणात आणायला लागले, तर सोनूबाई दारात उभ्या. शनिवारी लोखंड उंबऱ्याच्या आत येणार नाही. सोमेश्वरनं समजावून पाहिलं की आई, अंगणात उभी आहे ती जीप तरी कशाची आहे? सोनूबाई म्हणाल्या, ती बुधवारी आल्ती. अंगण उंबऱ्याच्या आत धरायचं की बाहेर, यावर अर्धा तास गेला. अखेर प्लेटा दिवसभर रामकिसनमामांच्या ओट्यावर पडून राहिल्या. त्यांच्या घरात शनिवार चालायचा, असं नाही. पण त्यांच्या घरात सोनूबाई नव्हत्या.

म्हणजे कामाला उरला एकटा रविवार.

रविवारी आठ वाजता अजमतभाई आले. बॅटरीच्या वायरी काढल्या, डिझेलची टाकी खाली उतरवली आणि लांब ठेवली, जीप लाकडी ओंडक्यांवर चढवली. वेल्डिंग धरायचं तर आधी दांडीवरचा रंग, गंज, ग्रीस सगळं घासून लोखंड उघडं करावं लागतं. डावी दांडी घासून झाली, आरशासारखी चकचकीत. अजमतभाई उजव्या बाजूला वळले, तर तिथं सोनूबाई ताट घेऊन उभ्या. हळद, कुंकू, तेलाची वाटी, नारळ.

रोज नाला ओलांडून सुनेला घेऊन जाणारं वाहन. त्याला कुंकू लावल्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. बोनेटला लावा, असं सगळ्यांनी सुचवलं. सोनूबाई म्हणाल्या, बोनेट वझं उचलतं का? जे वझं उचलतं त्याला लावायचं. त्या गुडघ्यांवर हात देत वाकल्या. जितकं वाकता येत होतं तितकंच वाकल्या, म्हणजे उजव्या पुढच्या चाकाच्या मागं. तिथं दांडीवरचा मळ तेलाच्या बोटांनी पुसला, तळहाताएवढी जागा कुंकवानं माखली, वर नारळाचं पाणी शिंपडलं. आणि उठता उठता अजमतभाईंना बजावलं की याच्यावर मशीन फिरवायची नाही.

"मावशी, जितनी जगह को आपका हात लगा, उतनी छोड देतो," अजमतभाई म्हणाले. "कडेनं घासलं तरी पकड बराबर बसती."

त्यानंतर आधी चीर भरून घेतली आणि मग पट्ट्यांचं काम असं सुरू झालं की गल्लीत दुसरा कार्यक्रम उरला नाही. अजमतभाईंनी वेल्डिंगची काडी टेकवली की अर्ध्या गल्लीचे पंखे मंद व्हायचे, उचलली की वेग घ्यायचे. एका दमात लांब वेल्डिंग ओढलं तर तापून दांडीच वाकते. म्हणून ते पुढं एक टाका घालत, मग मागं एक टाका, मग मधे. सोनूबाई बाजेवर बसून बघत होत्या. गोधडी अशीच घालत्यात, म्हणाल्या, आधी चार कोपरे धरायचे. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी शाबासकी दिली, आणि ती अजमतभाईंना.

सोमेश्वरकडं प्लेट धरून ठेवण्याचं काम होतं. ते तो मन लावून करत होता. चष्मा काळा, अंगात जुना शर्ट, कपाळावर घाम. मधून मधून तो दैवशालाकडं बघायचा. ती खिडकीत बसून वह्या तपासत होती. तिनं एकदा मान वर केली आणि हसली, तेव्हा त्याच्या हातातली प्लेट सुटली आणि पायाच्या अंगठ्यावर पडली. तरी त्याला वाईट वाटलं नाही.

चार वाजता शेवटचा टाका पडला. दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग पट्टी. वर काळा रंग मारला. रामकिसनमामांनी हातोडीनं ठोकून आवाज ऐकला आणि जाहीर केलं की आता ही जीप नाल्यात काय, धरणात घातली तरी हिचं काही व्हायचं नाही. सगळ्यांसाठी चहा आला. सोमेश्वर कप घेऊन जीपभोवती एक चक्कर मारून आला. आयुष्यात काही तरी पुरं केलं, असं त्याला वाटून राह्यलं होतं, आणि हे वाटणं सुमारे नऊ मिनिटं टिकलं.

दैवशाला बाहेर आली. हातात पासिंगचा फॉर्म, पेन आणि पेन्सिल.

"चेसिस नंबर कुठंय?" तिनं विचारलं.

"आरसी बुकात लिहिलाय की," सोमेश्वर म्हणाला.

"आरसीतला न्हाई. चेसिसवर कोरलेला असतो, तो. त्याच्यावर कागद धरून पेन्सिलीनं घासायचा, त्याचा ठसा फॉर्मला चिकटवायचा. त्याच्याशिवाय साहेब गाडीला हात लावत न्हाईत, हितं लिहिलंय."

अजमतभाईंनी कप खाली ठेवला. सोमेश्वर जीपकडं बघायला लागला. त्या काळ्याभोर, सलग, कुठंही फट नसलेल्या पट्ट्यांकडं.

"दांडीवर असतो," अजमतभाई हळूच म्हणाले.

"आणि दांडी कुठंय?" दैवशालानं विचारलं.

दांडी आत होती. चार एमएमच्या प्लेटीखाली, कायमची.

लोकांचे नवरे चुका करतात, पण त्या नकळत, बसल्या जागी होतात. सोमेश्वरनं पुठ्ठे कापून, घाम गाळून, अंगठा सुजवून आपल्या जीपची ओळखच पुरून टाकली होती. नंबर नसलेली जीप म्हणजे चोरीची जीप, तिला पासिंग नाही. पासिंग नाही म्हणजे पुष्पाबाईंची खोली, चांगली सोय, आणि आठवड्यातून सहा दिवस तो आणि सोनूबाई समोरासमोर. दैवशाला त्याच्यावर रागावली असती तरी चाललं असतं. ती रागावली नाही. "जाऊ द्या," म्हणाली. "पुष्पाबाईंना फोन लावते." ते ऐकून त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"सोमवार संध्याकाळपत्तर येळ हाय ना?" तो म्हणाला. "मंग आज फोन नको लावू."

प्लेट कापून खिडकी पाडायची, नंबर दिसेल एवढी, असं ठरलं. प्रश्न एवढाच होता की खिडकी कुठं पाडायची. रामकिसनमामांना शंकाच नव्हती. हजार गाड्या भट्टीत गेल्यात त्यांच्या डोळ्यांदेखत. नंबर डाव्या अंगाला, मधोमध. अजमतभाईंनी ग्रायंडर चालवला. हा माणूस कापताना डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबून असतो. प्लेट संपून ग्रायंडरचं चाक दांडीला टेकायला आलं की आवाज बदलतो, तिथं हात उचलायचा. पाऊण वीत लांब, चार बोटं रुंद तुकडा निघाला. खाली लोखंड होतं. चकचकीत आणि कोरं.

मग सोमेश्वरनं अभ्यास केला, म्हणजे आणखी दोन व्हिडिओ बघितले. त्यातला दाढीवाला माणूस सांगत होता की नंबर मागच्या चाकाजवळ असतो. उजव्या अंगाला, मागं, दुसरी खिडकी पडली. कोरी. मात्र अजमतभाईंना टोकदार कोपरा बघवत नसे, म्हणून दोन्ही खिडक्यांचे कोपरे त्यांनी ग्रिलसारखे गोल करून दिले. सोमेश्वरनं सांगितलं की अजमतभाई, हे राहू द्या, नंबर शोधू. अजमतभाई म्हणाले की काम म्हणजे काम.

रामकिसनमामा तिसऱ्या जागेबद्दल बोलायला लागले होते, तेवढ्यात दैवशाला दारातून म्हणाली, "ज्याच्याकडून जीप घेतली, त्याला इचारलं का?"

चौतीस वर्षांचा अनुभव गप्प, नऊ व्हिडिओ गप्प, मस्तगडातलं शेवटचं नाव गप्प. जीप भोकरदनच्या भागवत नावाच्या ठेकेदाराकडून घेतली होती, त्याचा नंबर सोमेश्वरच्या मोबाईलात होता, आणि मोबाईल सोमेश्वरच्या खिशात होता. दैवशालानं तो मागून घेतला आणि फोन लावला. दीड मिनिट बोलली. भागवत म्हणाला, उजव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या मागं, वीतभर अंतरावर. माझ्या हातानं तीनदा ठसा घेतलाय. वर ग्रीस फासून ठेवत होतो, गंजू नये म्हणून.

सगळे उजव्या बाजूला गेले, आणि अजमतभाईंचा चेहरा उतरला. तसा चेहरा सोमेश्वरनं आजवर कधी पाहिला नव्हता. अजमतभाई म्हणाले, "भाऊ, ग्रीस तर मी सगळीकडं काढला. उजवी दांडी पुरी घासली. ग्रायंडरनं. नंबर असंल तर... घासून गेला असंल."

कोरलेला नंबर घासून गेला तर तो कुठल्याही खिडकीतून दिसत नाही. मग आरटीओ, पोलीस, पंचनामा, अर्ज, आणि वर्षभर अंगणात उभी असलेली जीप. अजमतभाई तिथंच जमिनीवर बसले. त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. तीस वर्षांत कुणाचं काम बिघडवलं नाही, म्हणाले, आणि बिघडवलं ते भाभींचं. सोमेश्वरला त्यांच्याकडं बघवेना. तो त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, अजमतभाई, तासाभराचं काम तुम्ही सांगितलं होतं. हे मी मागून घेतलंय.

हे ऐकून दैवशालानं त्याच्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. एकवीस वर्षांत "माझं चुकलं" हे तो इतक्या स्पष्टपणे कधी म्हणाला नव्हता.

बाजेवरून सोनूबाईंनी विचारलं की कुठं म्हणायलेत ते नंबर? दैवशालानं बोट दाखवलं. सोनूबाई म्हणाल्या, "तिथं तर कुंकू लावलं व्हतं म्या. तिथं मशीन फिरवली का रं, अजमत?"

अजमतभाई उठून उभे राहिले. त्यांनी ग्रायंडर घेतला. हात इतका हळू चालला होता की रामकिसनमामासुद्धा श्वास रोखून होते. आवाज बदलला, हात उचलला. मग दुसरी कड. तिसरी. चौथी. तुकडा पकडीनं अलगद ओढला. खाली उष्णतेनं काळपट झालेलं कुंकू होतं. अजमतभाईंनी बोटानं वरचं पुसलं. कोरलेल्या आकड्यांत मात्र ते तसंच भरून राहिलं होतं. सतरा अक्षरं, एकेक, लालबुंद, कुणी रांगोळीत काढल्यासारखी. दैवशाला आरसी बुक धरून मोठ्यानं वाचायला लागली. वर्गात हजेरी घेतात तसं. प्रत्येक अक्षर हजर होतं.

सोमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते घामाच्या नावावर खपवलं. अजमतभाई सोनूबाईंजवळ गेले, वाकले. मावशी, तुम्ही वाचवलं, म्हणाले. सोनूबाईंना त्यात वाचवण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. "हाताला खरबरीत लागलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गंज असंल. मला तेवढंच वाकता येतं, बाबा."

अंधार पडायच्या आत तिसऱ्या खिडकीचेही कोपरे गोल झाले.

सोमवारी दहा वाजता आरटीओच्या मैदानात सोमेश्वर, दैवशाला आणि अजमतभाई जीपशेजारी उभे होते. रामकिसनमामांना घरीच ठेवलं होतं, त्यांना ऊन सोसत नाही असं त्यांना सांगून. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते. कडक इस्त्री, कमी बोलणं. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, मग टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. सोमेश्वरनं डिस्पॅचच्या कामात हजारो ट्रक रवाना केले होते, पण एवढी वाट कधी बघितली नव्हती. मंगळवार, पुष्पाबाई, खोली, सोय, सगळं त्याच्या डोक्यात एकदम गरगरत होतं.

साहेब उभे राहिले. "वेल्डिंग कुणी केलं?"

अजमतभाईंनी हात वर केला.

"हात चांगला आहे. टाके नीट बसलेत." साहेबांनी फॉर्मवरचा ठसा बघितला. अक्षरं काळ्याऐवजी लाल उमटली होती. त्यांनी तो कागद उजेडात धरला, बोटानं पुसून पाहिला, काही विचारलं नाही. "पण या तीन खिडक्या कशाला? ही काय डिझाईन आहे?"

सोमेश्वर तोंड उघडणार, वजन, हवा, गारवा असं काही तरी बोलणार, तेवढ्यात अजमतभाई बोलले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"साहेब, पहिली खिडकी शेजारच्या मामांच्या अनुभवाची. दुसरी आमच्या भाऊंच्या अभ्यासाची. तिसरी भाभींच्या अकलेची. नंबर तिसरीत सापडला."

साहेबांनी दैवशालाकडं बघितलं, मग सोमेश्वरकडं बघितलं, आणि सोमेश्वरकडं जरा जास्त वेळ बघितलं. "गाडी कोण चालवणार?" त्यांनी विचारलं. दैवशाला म्हणाली, मी. वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकलेली. तिनं मैदानात एक फेरी मारून दाखवली. जिथं खड्डा होता तिथून मुद्दाम नेली. जीप हिंदकळली, कुठं कुरकुरली नाही. साहेबांनी सही केली.

पुष्पाबाईंना फोन दुपारी गेला. दैवशाला म्हणाली की खोली नको, आम्ही घरूनच जाणं-येणं करू. फोन ठेवल्यावर ती सोमेश्वरला म्हणाली, "तुम्ही हे सगळं जीपसाठी केलं ना?"

तो बराच वेळ चाचरला. मग म्हणाला, "न्हाई. तू नसलीस तर मला घरात करमत न्हाई." एवढं बोलून तो लाजला आणि उगीच टायरची हवा बघायला गेला. दैवशाला दारात उभी राहून हसत होती, ते त्याला वळून न बघताही कळलं.

आठवडा झकास गेला. रोज सकाळी साडेसहाला जीप निघायची. नाला आला तसा गेला, काळी माती चिकटली तशी धुतली गेली. वाटेतल्या दोन शिक्षिकाही जीपमध्ये बसायला लागल्या. वस्तीवरची पोरं म्हणे जीपचा आवाज ऐकला की पळत शाळेत येत. संध्याकाळी घरात दैवशालाचा आवाज असायचा, आणि सोमेश्वरला भूक लागलीय का झोप आलीय ते बराबर कळायचं.

रविवार आला. सोमेश्वर पहाटेच उठला. आज गावाबाहेरच्या टेकडीवर जायचं. इतक्या कष्टानं मजबूत केलेली जीप, दगडांवरून चढते की नाही ते स्वतः बघायचं. त्यानं टोपी घातली, काळा चष्मा लावला, जाड बूट घातले आणि किल्ली घ्यायला आत गेला. किल्ली दैवशालाच्या कंबरेला होती.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आठवडाभर राबून राह्यली बिचारी. रविवारी तरी तिला आराम करू द्या." आणि तिनं ज्वारीचा एक आणि गव्हाचा एक, असे दोन डबे त्याच्यापुढं ठेवले. "तुम्ही तेवढं दळण घेऊन या."

गिरणीपर्यंत दहा मिनिटांची चाल होती. टोपी, चष्मा आणि बूट काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. गिरणीवाल्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, एवढी मजबूत जीप असताना डबे हातानं कशाला?

"ती आराम करून राह्यलीय," सोमेश्वर म्हणाला, आणि रांगेत उभा राहिला.